दोरीची चेटकीण कशी झाली

एक वर्तुळ काढू. त्याच्या माथ्याला टेकलेली एक आडवी रेषा. आता वर्तुळाच्या अगदी तळाच्या बिंदूपासून एक तिरकी रेषा वर सोडायची. ती आधी वर्तुळाला छेदते, मग त्या आडव्या रेषेला. पहिल्या छेदापासून आडवं जायचं, दुसऱ्यापासून सरळ खाली उतरायचं. दोन्ही वाटा भेटतात तिथे ठिपका. तिरकी रेषा फिरवत राहा... ठिपक्यांची एक टेकडी तयार होते. मधे गोलसर माथा, दोन्हीकडे लांबच लांब उतार, तळाला कधीच न टेकणारे. आणि या अनंत उताराखालचं क्षेत्रफळ? मूळ वर्तुळाच्या बरोबर चौपट!

या गरीब बिचाऱ्या टेकडीला इंग्रजीत म्हणतात 'विच ऑफ अग्नेसी'. आन्येझीची चेटकीण.

आकृतीत चेटकीण शोधू नका, ती नाहीच. तिथे आहे एक दोरी.

सतराव्या शतकात फर्मा या फ्रेंच गणितज्ञानं हा वक्र हाताळला होता. नाव दिलं ते इटलीचे गणितज्ञ ग्विदो ग्रांदी यांनी, १७१८ मध्ये. लॅटिनमध्ये 'वर्सोरिया' म्हणजे जहाजाचं शीड वळवायची दोरी. त्यावरून इटालियनमध्ये 'वेर्सिएरा'. आणि योगायोग बघा, त्याच १७१८ साली मिलानमध्ये मारिया गाएताना आन्येझी जन्मल्या.

तिसाव्या वर्षी, १७४८ मध्ये, त्यांनी बीजगणितापासून कलनशास्त्रापर्यंतचा (कॅल्क्युलसपर्यंतचा) दोन खंडांचा ग्रंथ इटालियनमध्ये छापला. तरुण विद्यार्थ्यांसाठी. त्यातच हा वक्र आला, 'ला वेर्सिएरा' याच नावानं.

केंब्रिजचे प्राध्यापक जॉन कोलसन या ग्रंथावर इतके लुब्ध झाले, की भाषांतरासाठी उतारवयात इटालियन शिकले. पण इटालियनमध्ये 'आव्वेर्सिएरा' असाही एक शब्द आहे. अर्थ, सैतानीण. 'ला वेर्सिएरा' आणि 'लाव्वेर्सिएरा', भरभर म्हणून बघा. कोलसन यांच्या कागदावर दोरीच्या जागी 'विच' उतरली.

कोलसन १७६० मध्ये वारले. भाषांतर छापलं गेलं १८०१ मध्ये, म्हणजे चूक दुरुस्त करायला तेही नव्हते आणि आन्येझीही नव्हत्या. वडील गेल्यावर गणित बाजूला ठेवून त्या गरीब, आजारी माणसांच्या सेवेत रमल्या होत्या. १७९९ मध्ये मिलानमध्येच गेल्या. वक्र त्यांनी शोधला नव्हता, चेटकीण तर त्यांनी लिहिलीच नव्हती. तरी दोन्ही त्यांच्याच नावावर!

इटलीत मात्र विद्यार्थी आजही वहीत लिहितात, 'वेर्सिएरा'.