आरएफसीचं वेबपेज करताना काय काय निसटतं

आधी ती फाईल डोळ्यासमोर आणा. आरएफसी म्हणजे इंटरनेट कसं चालायचं ते ज्यात लिहून ठेवलंय ती कागदपत्रं, पहिलं आलं १९६९ साली, आणि २०१९ मध्ये एक्सएमएल (मजकुराला टॅग लावून लिहायची पद्धत) हे मूळ रूप धरायला लागेपर्यंत कारभार सगळा साध्या टेक्स्ट फाईलवर. बोल्ड नाही, फॉन्ट नाही. ओळीत फार तर ७२ अक्षरं, पानावर ५८ ओळी, आणि पान संपलं की फॉर्म फीड नावाचं एक न दिसणारं कॅरेक्टर, प्रिंटरला 'नवं पान घे' सांगणारं. आता वेबपेजला पानं कुठे असतात, म्हणून आपण हे सगळं काढून टाकायला जातो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

फूटर, म्हणजे पानाच्या तळाची ओळ, काढणं सोपं वाटतं. पण फूटरच्या वरखाली रिकाम्या ओळी असतात, आणि परिच्छेद पान उलटताना मधेच तुटलेला असतो. मग तो पुढच्या पानावर चालू आहे की नवा सुरू झालाय हे ओळखायचं कशावरून? मागच्या ओळीत पूर्णविराम नसेल तर जोडून टाका, बरोबर, पण पूर्णविराम असेल तर? वाक्य संपलं म्हणजे परिच्छेद संपला असं नाही ना. मी काय करतो, शेवटची ओळ किती लांब आहे ते बघतो, पुढच्या पानावरचा पहिला शब्द त्या ओळीत मावला असता का ते बघतो, मावत असूनही खाली गेला असेल तर परिच्छेद बहुतेक नवाच. बहुतेक. खात्री मशीन देत नाही, शेवटी माणसालाच वाचावं लागतं.

ओळी जोडतानाही तसंच. 'कंटेंट-टाईप' हे हेडरचं (निरोपाच्या आधी येणाऱ्या माहितीच्या ओळीचं) नाव ओळीच्या शेवटी हायफनवर तुटलं असेल, आणि स्क्रिप्टला वाटलं की हा शब्द तोडायला घातलेला हायफन आहे, तर ती तो खाऊन टाकते आणि नाव होतं 'कंटेंटटाईप'. असं हेडर अस्तित्वातच नाही, पण वाचणारा तसंच कोडमध्ये टाकणार, कारण स्टँडर्डमध्ये लिहिलंय म्हटल्यावर कोण शंका घेतं!

आता मला जे सगळ्यात जास्त खटकतं ते सांगतो. टीसीपी म्हणजे इंटरनेटवर माहिती क्रमाने पोचवायचे नियम, त्याचं १९८१ चं कागदपत्र, आरएफसी ७९३, त्यात सीक्वेन्स नंबरबद्दल, म्हणजे माहितीच्या बाईटना दिलेल्या क्रमांकांबद्दल, एक परिच्छेद आहे. आकडे ० पासून २**३२ - १ पर्यंत, आणि सगळं गणित २**३२ च्या मोड्युलोने करायचं, म्हणजे तिथे पोचलं की परत शून्यापासून. वर घात लिहायची सोय टेक्स्टमध्ये नाही म्हणून मधे दोन चांदण्या, **. हाच परिच्छेद मार्कडाऊनमधून (साध्या टेक्स्टमधल्या खुणांवरून वेबपेज बनवायची पद्धत) नेला तर काय होतं बघा, मार्कडाऊनमध्ये दोन चांदण्या म्हणजे बोल्ड सुरू, पुढच्या दोन म्हणजे बोल्ड बंद, आणि इथे नेमक्या दोन जोड्या आहेत. चांदण्या गायब, मधलं वाक्य ठळक, आणि राहतं काय, तर २३२. दोनाचा बत्तिसावा घात, म्हणजे चार अब्जांच्या वरचा आकडा, त्याचा दोनशे बत्तीस झाला, आणि कुठेही एरर नाही, पेज दिसायला एकदम छान.

आकृत्यांचं तर विचारूच नका. त्याच कागदपत्रात टीसीपी हेडरची आकृती आहे, अधिक आणि वजाच्या चिन्हांनी आखलेली. एका बिटाला दोन अक्षरांची जागा, ३२ बिटांना ६४, शेवटचं अधिक धरून ६५. वर बिटांचे आकडे, ० पासून ३१ पर्यंत, प्रत्येक आकडा बरोबर वजाच्या चिन्हावर. मधे सिन, ॲक, फिन हे फ्लॅग, म्हणजे एकेका बिटाच्या खुणा, त्यांची नावं उभी लिहिलीत, एका ओळीत एकच अक्षर, वरून खाली वाचायची. एचटीएमएल सलग स्पेसेसची एक स्पेस करतं, त्यामुळे जशीच्या तशी टाकली तर आकडे डावीकडे गोळा होतात आणि कुठला बिट कुठे हे कळायचा मार्गच बंद.

लिंका आपोआप जोडणं ही सोय फार चांगली, पण 'आरएफसी अमुकचा विभाग ४.२' असं लिहिलेलं असताना लिंक ह्याच पेजवरच्या ४.२ ला जाते असं मी कितीदा बघितलंय. कोडमधला चौकटी कंसातला १ संदर्भ समजून निळा होतो तो वेगळाच.

आणि मस्ट, शुड हे शब्द. १९९७ च्या आरएफसी २११९ ने ह्यांना पक्का अर्थ दिला, आणि २०१७ च्या ८१७४ ने स्पष्ट केलं की तो अर्थ फक्त कॅपिटलमध्ये लिहिलं तरच. म्हणजे कॅपिटल असेल तर बंधन, स्मॉल असेल तर नेहमीचं इंग्रजी. आपल्या लिपीत हा भेदच नाही म्हणून आपलं लक्ष जात नसेल, पण एखाद्या सूचनेच्या चौकटीला डिझायनरने सगळी अक्षरं कॅपिटल दाखवायची स्टाईल लावली की त्या चौकटीतला साधा 'मस्ट' बंधनासारखा दिसायला लागतो. इथे स्टाईल नियमच बदलते, ही सजावट नाही.

म्हणून मी कन्व्हर्ट झाल्यावर पेजमधला मजकूर परत साध्या टेक्स्टमध्ये काढतो, मूळ फाईलशी शब्दाला शब्द लावून बघतो, त्यात हरवलेल्या चांदण्या आणि हायफन लगेच सापडतात. आकृत्या त्यात सापडत नाहीत. त्या फोनवर उघडून बोटाने आडव्या सरकवत एकेक बिट मोजतो, ३१ पर्यंत.