इनफ्लेमेबल म्हणजे पेटणारं की न पेटणारं?

ड्रमवर 'इनफ्लेमेबल' लिहिलंय. त्याच्याजवळ काडी पेटवाल? 'इनकरेक्ट' म्हणजे बरोबर नसलेलं, मग 'इनफ्लेमेबल' म्हणजे न पेटणारं, असा हिशेब केलात तर भडका उडेल! इनफ्लेमेबल म्हणजे चटकन पेट घेणारं. फ्लेमेबलचा अर्थही तोच. न पेटणारं ते नॉनफ्लेमेबल.

घोळ कुठे आहे? लॅटिनमधून इंग्रजीत 'इन' एक नाही, दोन आले. एक नकाराचा, आपल्या 'अनंत', 'अनादर'मधल्या 'अन्'चा लांबचा भाऊ. दुसरा 'आत' किंवा 'वर' सांगणारा. दोघांचं एकमेकांशी नातं नाही. 'इनफ्लेम' म्हणजे पेटवणं, त्यात हा दुसरा बसलाय.

ओळखायला एक युक्ती. शब्द विशेषण असेल आणि 'इन' काढल्यावर उलट अर्थाचं विशेषण उरत असेल, तर तो नकाराचा: इनव्हिजिबल, इनडायरेक्ट. क्रियापद असेल तर बहुतेक वेळा 'आत'वाला: इनहेल, श्वास आत घेणं.

पण ही युक्ती फसते, आणि परीक्षेत नेमके तेच शब्द येतात.

पडद्यावर: इनव्हॅल्युएबल, इनफेमस, इनहॅबिटेबल

इनव्हॅल्युएबल म्हणजे कवडीमोल नव्हे, अनमोल. 'इन' नकाराचाच आहे, पण नकार किमतीला नाही, किंमत ठरवण्याला आहे: मोल करताच येत नाही असं. इनफेमस माणूस अप्रसिद्ध नसतो, कुप्रसिद्ध असतो. आणि इनहॅबिटेबल म्हणजे राहण्याजोगं! 'इनहॅबिट' म्हणजे वस्ती करणं. जिथे राहता येत नाही ते अनइनहॅबिटेबल.

आता 'इन'चं रूप बदलतं ते बघा. पुढे पी, बी किंवा एम आला की 'इम' होतो: इम्पॉसिबल, इम्बॅलन्स. ओठ मिटायचेच असतात, म्हणून जीभ 'न' सोडून देते. आपणही 'संत'मध्ये अनुस्वाराचा न करतो, 'संप'मध्ये म. एलपुढे 'इल', आरपुढे 'इर': इललीगल, इरेग्युलर. तत् आणि लीन मिळून तल्लीन होतं ना, तसंच. 'आत'वाल्या 'इन'लाही हाच नियम, म्हणून इम्पोर्ट आणि इरिगेट. 'इनपुट' मात्र तसाच राहतो, तिथला 'इन' लॅटिन नाही, इंग्रजीचा घरचा आहे.

इंग्रजीतला नकाराचा दुसरा उपसर्ग 'अन' (यू, एन) मात्र रूप बदलत नाही: अनप्लेझंट, अनरिअल. खरी चूक होते ती जोड्यांमध्ये. विशेषणाला 'अन' आणि त्याच्याच नामाला 'इन': अनेबल पण इनॅबिलिटी, अनइक्वल पण इनइक्वॅलिटी, अनजस्ट पण इनजस्टिस, अनस्टेबल पण इनस्टॅबिलिटी. इथे नियम शोधत बसू नका, जोड्या पाठच करा.

राहिलं स्पेलिंग. इमॉरलमध्ये ऐकू एकच 'म' येतो, म्हणून लोक एक एम खातात. उपसर्ग वेगळा काढून मोजा: उपसर्गाचा एक, मॉरलचा एक, झाले दोन. निरुपद्रवी या अर्थाचा इनॉक्युअस घ्या: मूळ शब्दच एनने सुरू होतो, म्हणून दोन एन. लस टोचणं या अर्थाच्या इनॉक्युलेटमध्ये मूळ शब्द ओने सुरू होतो, म्हणून एकच.