षड्ज दोनदा चढतो : ‘सरेंडर’ ऐकताना

‘सरेंडर’ हे चीप ट्रिकचं गाणं १९७८ सालचं, ‘हेवन टुनाइट’ या अल्बममधलं. बँड अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्ड गावचा. गाणं लिहिलं गिटारवादक रिक नील्सननं, गायलं रॉबिन झँडरनं. पॉवर पॉप म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर व्याख्या बाजूला ठेवून हेच गाणं लावावं. एकदा ऐकून ओठांवर बसणारी चाल, आणि तिच्याखाली जराही मवाळ न होणारी गिटार.

आपल्याला यात सर्वांत नवल वाटावं ते षड्जाचं, म्हणजे सा या आधारस्वराचं. आपल्या मैफलीत तंबोरा एकदा लागला की सा जागचा हलत नाही. इथे तो दोनदा वर सरकतो. पेटीच्या भाषेत सांगायचं तर गाणं काळी पाचमध्ये सुरू होतं, वाटेत पांढरी सात धरतं आणि संपतं वरच्या पांढरी एकवर. दर वेळी अर्ध्या स्वराची चढण, म्हणजे कंपनसंख्येत जेमतेम सहा टक्के वाढ. चाल तीच, पण गळ्याला ती आता जरा उंचावर पेलावी लागते, म्हणून आवाजाला ताण येतो आणि त्या ताणाची धार ऐकणाऱ्यालाही जाणवते. आपले आईवडील आपल्या समजुतीपेक्षा फारच निराळे आहेत, हे मुलाला कळत जाण्याचं हे गाणं. कळणं वाढतं तसा सा चढतो, ही जोडणी मला फार मोलाची वाटते.

वाजवायला घ्याल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. गिटारवर सहाव्या फ्रेटवर (पडद्यावर) बार कॉर्ड, म्हणजे एका बोटानं सगळ्या तारा आडव्या दाबून धरायची कॉर्ड, धरली असेल तर तोच पंजा सातव्यावर, मग आठव्यावर न्यायचा. बोटांची ठेवण बदलत नाही. पेटीवर किंवा कीबोर्डवर मात्र काळ्या-पांढऱ्या सुरांची सगळी मांडणीच बदलते, त्यामुळे तिन्ही पट्ट्या वेगवेगळ्या घोटाव्या लागतात. हमखास चूक होते ती बदलाच्या पहिल्या मात्रेवर : गिटार नव्या पट्टीत पोचते आणि बेस जुन्याच सुरावर राहतो. दोन सूर अर्ध्या स्वरानं घासले की सगळं बेसूर वाटतं. म्हणून बदलाआधीच्या आणि नंतरच्या दोन-दोन ओळी तेवढ्याच, संथ लयीत, पंधरा-वीस वेळा वाजवाव्यात. आणि गायकानं पट्टी ठरवताना सुरुवातीची नव्हे, शेवटची तपासावी. तिथला वरचा सूर लागत नसेल, तर सगळंच अर्ध्या स्वरानं खाली आणून पांढरी सहापासून सुरू करावं.

आता प्रभाव. ‘पॉवर पॉप’ हा शब्दच १९६७मध्ये द हूच्या पीट टाउनशेंडनं वापरला, स्वतःच्या बँडच्या संगीताबद्दल. ‘सरेंडर’मधल्या गिटारखाली सिंथेसायझर सतत झरझरतो, तो ऐकताना द हूचं १९७१चं ‘बाबा ओ’रायली’ आठवल्याशिवाय राहत नाही. तिथे लाउरी ऑर्गनवर तसाच ठेका धरलेला आहे. त्या शीर्षकातले ‘बाबा’ म्हणजे पुण्यात जन्मलेले, अहिल्यानगरजवळच्या (पूर्वीचं अहमदनगर) मेहेराबादला समाधी असलेले मेहेरबाबा. टाउनशेंड त्यांचा भक्त. ‘रायली’ आला तो संगीतकार टेरी रायलीवरून.

दुसरं ऋण बीटल्सचं. गोड चाल, एकावर एक रचलेले आवाज, तीन-चार मिनिटांत पुरी होणारी गोष्ट. पुढे १९८० साली बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिन यानंच चीप ट्रिकचा ‘ऑल शुक अप’ हा अल्बम केला. त्याच वर्षी नील्सन आणि ड्रमर बन ई. कार्लोस बीटल्सपैकी जॉन लेननच्या ‘डबल फँटसी’ या अल्बमच्या ध्वनिमुद्रणात जाऊन वाजवून आले.

पुढच्या वेळी ऐकताना पेटी किंवा ट्यूनर जवळ ठेवा, काळी पाच दाबा आणि तो सूर गाण्यापासून नेमका कुठे सुटतो ते पाहा.