'सेव्ह झालं' या उत्तराचा अर्थ

अ‍ॅबस्ट्रॅक्शन म्हणजे गुंतागुंत झाकणं, एवढं आपण सगळेच शिकतो. ती झाकताना वापरणाऱ्याला नेमकी कोणती हमी द्यायची, हे मात्र फार कमी शिकवलं जातं. म्हणून आज फाइल सेव्ह करण्याचं एकच साधं काम घेऊ.

प्रोग्रामने 'राइट' हा कॉल केला आणि उत्तर आलं, यशस्वी. पण डेटा बहुधा अजून रॅममध्येच, कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या) पेज कॅशमध्ये असतो; तिथे डेटा पानापानाने साठवून मग डिस्ककडे जातो. लिनक्सच्या मूळ सेटिंगनुसार बदललेलं पान साधारण ३० सेकंद जुनं झालं की ते डिस्ककडे पाठवायला घेतलं जातं. तेवढ्यात वीज गेली की लिहिलेलं गेलं. त्यातून जुनीच फाइल रिकामी करून तिच्यावर लिहीत असाल, तर जुनंही हातचं जातं.

यावरची रीत ठरलेली आहे. त्याच डिरेक्टरीत तात्पुरती फाइल उघडा. मजकूर लिहा, आणि प्रत्येक वेळी किती बाइट लिहिले गेले ते तपासा, कारण मागितल्यापेक्षा कमीही लिहिले जाऊ शकतात. मग फाइलवर 'एफसिंक' (डेटा डिस्कवर पोहोचेपर्यंत थांबणारा कॉल), मग 'रिनेम' करून तिला खऱ्या फाइलचं नाव द्या, आणि शेवटी डिरेक्टरीवर एफसिंक. फाइलचं नाव डिरेक्टरीत नोंदलेलं असतं, म्हणून ही शेवटची पायरी. ती हमखास विसरली जाते. तात्पुरती फाइल दुसऱ्या फाइलसिस्टमवर ठेवली तर रिनेम चालतच नाही.

हे सगळं एका फंक्शनमध्ये बंद करा आणि त्याची हमी एका वाक्यात लिहा: मशीन कधीही बंद पडलं तरी फाइल एकतर पूर्ण जुनी मिळेल किंवा पूर्ण नवी. वापरणाऱ्याला आतल्या पायऱ्या माहीत असण्याची गरज उरत नाही. अ‍ॅबस्ट्रॅक्शन कामाचं ठरतं ते इथे.

आता एफसिंकनेच चूक कळवली तर? पुन्हा एफसिंक करून पाहावं, असं सहज वाटतं, आणि तिथेच घात होतो. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसच्या मंडळींसमोर २०१८ मध्ये हा प्रश्न ठळकपणे आला. लिनक्सवर डिस्कवर लिहिणं फसलं तरी ते पान 'स्वच्छ', म्हणजे लिहून झालेलं, समजलं जाऊ शकतं, त्यामुळे दुसरा एफसिंक यशस्वी होतो आणि डेटा मात्र डिस्कवर नसतो. त्यांनी उपाय केला तो असा: एफसिंक फसला की सर्व्हर थांबवायचा आणि लॉगवरून, म्हणजे बदलांच्या आधीच लिहून ठेवलेल्या नोंदींवरून, डेटा पुन्हा उभा करायचा. आपल्या फंक्शननेही नवी तात्पुरती फाइल घेऊन पहिल्यापासून लिहावं.

डिरेक्टरीचा एफसिंक फसला तर नाव बदललेलं असतं, पण ते टिकेल का, हे सांगता येत नाही. म्हणजे उत्तरं तीन झाली: झालं, झालं नाही, ठाऊक नाही. तिसरं उत्तर 'झालं नाही'मध्ये ढकलू नका. नेटवर्कवर टाइमआउट, म्हणजे ठरलेल्या वेळेत उत्तरच न येणं, हेच तिसरं उत्तर. तिथे प्रत्येक विनंतीला एक ओळख-क्रमांक द्या, आणि पुन्हा पाठवताना तोच वापरा. सर्व्हरने तो क्रमांक मूळ बदलासोबत एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे बदल एकत्र होतात, नाहीतर एकही होत नाही) नोंदवावा. वेगळा नोंदवला, तर दोन नोंदींच्या मध्ये सर्व्हर पडू शकतो आणि तेच काम दोनदा होऊ शकतं.

चाचणीबद्दल एक सांगतो. नुसती प्रोसेस मारून हे तपासलं जात नाही, कारण प्रोसेस मेली तरी पेज कॅश शाबूत राहते. व्हर्च्युअल मशीन प्रत्येक पायरीनंतर एकदम बंद करा, पुन्हा चालू करा आणि फाइल उघडून बघा.