टी बटण आणि सी रेघ

(अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे आणि त्यांच्या पालकांपुढे दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

मंडळी, सुरुवातीलाच एक विचारतो. हात वर करून सांगा. तुमच्या घरी मीटरजवळच्या बोर्डावर एमसीबींच्या शेजारी एक जरा रुंद स्विच असेल. वायरमन त्याला ईएलसीबी म्हणतात, नव्या पेटीवर आरसीसीबी असं छापलेलं असतं. त्यावर एक बारीक बटण असतं, त्याच्यावर 'टी' हे इंग्रजी अक्षर. गेल्या वर्षभरात ते बटण कोणी कोणी दाबलं?

चार हात. एवढ्या भरलेल्या सभागृहात चार.

मी आयुष्यभर विजेच्या उपकरणांचं काम केलं, आणि माझ्या मिरजेच्या घरात ते बटण अकरा वर्षं कोणी दाबलं नव्हतं. एका पावसाळ्यात आई वॉशिंग मशीनला टेकली आणि तिला शॉक बसला. हात सुटला म्हणून ती वाचली. मी बोर्डापाशी गेलो, टी दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. घरातले दिवे तसेच चालू. ज्या उपकरणाच्या भरवशावर आम्ही ओल्या फरशीवर वावरत होतो, ते आतून केव्हाच निकामी झालं होतं, आणि बाहेरून नव्यासारखं दिसत होतं. त्या दिवसापासून मी या एका बटणाचा विचार करतो आहे. आजचं बोलणं त्यातूनच आलं आहे.

आधी ते उपकरण करतं काय, हे पाहू. फेजमधून जेवढा करंट घरात येतो, तेवढाच न्यूट्रलमधून परत गेला पाहिजे. या दोन्ही तारा एका लोखंडी कड्यातून नेलेल्या असतात. येणारा आणि जाणारा करंट सारखा असेल, तर दोघांचं चुंबकत्व एकमेकांना खोडून काढतं आणि कडं शांत राहतं. पण थोडा करंट माणसाच्या अंगातून जमिनीत गेला, की परतीची वाट तेवढी हलकी होते. तो फरक कड्यावरच्या दुसऱ्या वेटोळ्याला कळतो आणि स्विच पडतो. आपल्या घरांत हा फरक बहुधा ३० मिलिॲम्पिअरला, म्हणजे ॲम्पिअरच्या तीस हजारांश भागाला, धरलेला असतो. साठ वॉटचा साधा पिवळा बल्ब २६० मिलिॲम्पिअर घेतो, म्हणजे त्याच्या आठव्या भागापेक्षाही कमी. शेजारच्या सोळा ॲम्पिअरच्या एमसीबीला एवढ्या करंटची दादही नसते. एमसीबी वायरिंग जळू नये म्हणून असते. माणूस जळू नये म्हणून असतं ते हे दुसरं.

पण माणसाला किती करंट सोसतो, हे कोणीतरी आधी मोजायला हवं होतं. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात चार्ल्स डालझील नावाचे विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. त्यांनी ते जिवंत माणसांवर मोजलं. स्वेच्छेने पुढे आलेले १३४ पुरुष आणि २८ स्त्रिया. हातात तांब्याची तार धरायची, करंट हळूहळू वाढवत न्यायचा, आणि मूठ स्वतःच्या इच्छेने उघडता येईनाशी होते तो आकडा लिहून घ्यायचा. पुरुषांची सरासरी १६ मिलिॲम्पिअर आली, स्त्रियांची साडेदहा. सरासरीवर डालझील थांबले नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. सगळ्यांत नाजूक माणसाचा आकडा त्यांनी काढला: पुरुषांत नऊ, स्त्रियांत सहा. संरक्षण सरासरी माणसासाठी करून भागत नाही.

अपघातांच्या नोंदी तपासताना त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. विजेने मरणारी बरीचशी माणसं उच्चदाबाच्या तारांवर नाही, तर घरातल्या साध्या जोडण्यांवर मरत होती. कारण होतं जमिनीकडे होणारी गळती. अशी गळती पकडणारी यंत्रं त्याआधीही होती. दक्षिण आफ्रिकेच्या खोल सोन्याच्या खाणींसाठी हेन्री रुबिन यांनी १९५५ च्या सुमारास त्यावर मोठं काम केलं होतं. पण खाणीत इलेक्ट्रिशियन असतो, देखभालीचा माणूस असतो. स्वयंपाकघरात कोण असतं? डालझील यांनी तेव्हा नुकत्याच आलेल्या अर्धवाहकांचा (सेमीकंडक्टरचा) उपयोग करून पाच मिलिॲम्पिअरला आणि सेकंदाच्या चाळिसाव्या भागात वीज तोडणारं छोटं उपकरण बनवलं. त्याचं अमेरिकन पेटंट त्यांना १९६५ साली मिळालं. पाच हा आकडा आला कुठून, हे आता तुम्हाला कळलं असेल. सहाच्या खाली. तिथल्या वायरिंगच्या नियमांत ते एकेक जागा करत शिरलं: १९६८ मध्ये पोहण्याच्या तलावाचे दिवे, १९७५ मध्ये न्हाणीघर, आणि स्वयंपाकघरात पोचायला १९८७ उजाडलं.

आता विजेचा बोर्ड बाजूला ठेवू. त्याच सुमाराची दुसरी गोष्ट, न्यू जर्सीची.

१९६७. वेस्ट ऑरेंज गावातल्या ऑर्गॅनॉन या औषध कंपनीत मार्गारेट क्रेन नावाची सव्वीस वर्षांची मुलगी काम करत होती. ती शास्त्रज्ञ नव्हती. सौंदर्यप्रसाधनांच्या बाटल्या आणि वेष्टनं यांची आखणी करायला तिला घेतलं होतं. प्रयोगशाळेत तिला ओळीने टांगलेल्या काचेच्या नळ्या दिसल्या, आणि त्यांच्या खाली आरसा. तिने विचारलं, हे काय? उत्तर मिळालं, गर्भचाचणी. डॉक्टरांकडून लघवीचे नमुने यायचे, नळीत सशाच्या रक्तातली प्रतिद्रव्यं (अँटिबॉडी) आणि मेंढीच्या तांबड्या पेशी घालायच्या, दोन तास हलवायचं नाही. गर्भ असेल तर पेशी तळाशी कड्यासारख्या बसतात. ते कडं आरशात खालून दिसतं. बस्स.

क्रेनच्या मनात आलं ते सरळ होतं: हे बाईला घरी का करता येऊ नये? घरी जाऊन तिने पेपरक्लिप ठेवायची पारदर्शक प्लास्टिकची डबी घेतली, तिच्यात नळी, थेंब टाकायची पिचकारी आणि तळाला आरसा बसवला. कंपनीत आधी नकार मिळाला. ग्राहक डॉक्टर होते, त्यांना दुखवायचं कशाला, हा एक विचार. आणि दुसरा, जो मला जास्त टोचतो: बायकांना हे झेपणार नाही. पुढे कंपनीने विचार बदलला आणि चाचणी बाजारात आणायची ठरवली, तेव्हा इतर आखणीकारांनी फुलं आणि हिरे लावलेले नमुने आणले होते. निवडली गेली ती क्रेनची डबी. १९७१ मध्ये ती कॅनडात विकायला आली. अमेरिकेत यायला दशक संपत आलं.

पेटंट तिच्या नावाने निघालं. हक्क कंपनीकडे गेले, एका डॉलरच्या बदल्यात. तो डॉलरही तिला मिळाला नाही. पेटंटच्या कागदावर दोन नावं वेगळी असतात, शोध लावणाऱ्याचं आणि मालकाचं. तुमच्यातले बरेच जण उद्या नोकरीच्या पहिल्या दिवशी करारावर सही करतील. त्यात या दोन नावांबद्दल एक कलम असतं. ते वाचूनच सही करा. २०१५ मध्ये त्या प्लास्टिकच्या डबीचा लिलाव झाला आणि आज ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. ही डबी कोणी बनवली, हे बहुतेकांना तेव्हा कळलं.

आता दोन्ही गोष्टी एकत्र आणतो. डालझील आणि क्रेन, दोघांनी तज्ज्ञाच्या हातातली वस्तू घरच्या माणसाच्या हातात दिली. वस्तू लहान करणं हा त्यातला सोपा भाग. अवघड भाग असा की तज्ज्ञ नुसतं यंत्र चालवत नाही, यंत्र बिघडलं तर ते त्याला कळतं. प्रयोगशाळेतल्या बाईला रसायन खराब झालेलं लक्षात येतं, खाणीतल्या इलेक्ट्रिशियनला गळती पकडणारा रिले अडकलेला समजतो. तज्ज्ञ घरी नसेल, तर ही दक्षता कोणी ठेवायची? ती वस्तूनेच ठेवली पाहिजे. घरी द्यायची वस्तू बोलली पाहिजे की मी जिवंत आहे.

क्रेनच्या चाचणीत हे नव्हतं. कडं दिसलं तर खात्री होती. दिसलं नाही तर गर्भ नाही, की टेबलाला धक्का लागला, की चाचणी फार लवकर केली, हे कळायला मार्ग नव्हता. अमेरिकेत सुरुवातीला आलेल्या चाचणीच्या जाहिरातीतच लिहिलेलं होतं की 'हो' हे उत्तर ९७ टक्के बरोबर आणि 'नाही' हे ८० टक्के. म्हणजे 'नाही' वाचणाऱ्या प्रत्येक पाच जणींत एकीला चुकीचं उत्तर. त्या एकीने पुढचे आठवडे कसे काढले असतील, याचा विचार करा.

गर्भचाचणीची आजची पट्टी आली ती ऐंशीच्या दशकाच्या शेवटी. तिच्यामागे १९७५ चा एक मोठा शोध आहे: केंब्रिजमध्ये कोलर आणि मिलस्टीन यांनी एकाच जातीची प्रतिद्रव्यं हवी तेवढी बनवायची रीत काढली. तिचं पेटंट कोणीच घेतलं नाही. त्या उघड्या वाटेवरून पुढे गेलेल्या कंपन्यांनी मग पट्टीची पेटंटं घेतली. युनिलिव्हरच्या मे, प्रायर आणि रिचर्ड्स या तिघांचं, १९८७ पासून दाखल होत गेलेलं पेटंट त्यांतलं फार महत्त्वाचं. मी ते वाचलं आहे, तुम्हीही वाचा, फुकट मिळतं. पेटंट म्हणजे सौदाच आहे ना: मला काही वर्षांचा मक्ता द्या, मी माझी रीत सगळ्यांना उघड करून सांगतो. आपल्याकडे हा मक्ता अर्ज दाखल झाल्यापासून २० वर्षांचा. आपल्या कायद्यात माणसाच्या रोगनिदानाच्या रीतीला पेटंट मिळत नाही, उपकरणाला मिळू शकतं. हा भेद चांगला आहे असं माझं मत आहे. डॉक्टरने विचार कसा करावा यावर कोणाचा मक्ता नसावा.

तर त्या पट्टीत रंगीत कण भरलेले असतात, त्यांना प्रतिद्रव्यं चिकटवलेली. लघवी कागदातून सरकते आणि त्या कणांना सोबत घेऊन पुढे जाते. लघवीत गर्भारपणाचं संप्रेरक (हार्मोन) असेल तर कण पहिल्या रेघेवर अडकतात, ती टी. राहिलेले कण पुढच्या रेघेवर अडकतात, ती सी. या दुसऱ्या रेघेला संप्रेरकाशी काही देणंघेणं नाही. ती फक्त सांगते की पाणी इथपर्यंत पोचलं, कण जिवंत आहेत. सी उमटली नाही तर पट्टी फेकून द्यायची, मग टीवर काही दिसो वा न दिसो. आशाताईंच्या पिशवीतल्या 'निश्चय' पट्टीची हीच रीत, आणि मे २०२१ मध्ये मान्यता मिळालेल्या पुण्याच्या मायलॅबच्या घरगुती कोविड चाचणीचीही हीच. त्या दिवसांत आपण सगळेच सी कडे डोळे लावून पंधरा मिनिटं बसलो होतो.

घरातल्या शुगरच्या मशीनबद्दल थोडक्यात सांगतो. सत्तरच्या सुमारास पहिलं मशीन आलं ते दवाखान्यांसाठी, तेही रात्री प्रयोगशाळा बंद असताना बेशुद्ध माणूस मधुमेही आहे की दारू प्यायलेला, हे ओळखण्यासाठी. रुग्णाला ते विकत मिळत नसे. रिचर्ड बर्नस्टीन नावाच्या मधुमेही अभियंत्याने ते आपल्या डॉक्टर पत्नीच्या नावावर घेतलं, ६५० डॉलर मोजून, आणि घरी दिवसातून अनेकदा स्वतःची साखर मोजू लागला. डॉक्टर त्याचं ऐकेनात म्हणून पंचेचाळिशीत तो स्वतः वैद्यकीय महाविद्यालयात शिरला. आजच्या मशीनलाही 'सी रेघ' आहे, फक्त ती बाटलीत असते: ठरावीक साखरेचं कंट्रोल सोल्युशन. ते पट्टीवर टाकायचं आणि आकडा पट्टीच्या डबीवर छापलेल्या मर्यादेत येतो का, हे पाहायचं. औषधाच्या दुकानात मागा, बरेचदा मिळत नाही. याचं मला वाईट वाटतं. पट्ट्यांची डबी उघडी राहिली आणि कोकणातल्या दमट हवेत पट्ट्या खराब झाल्या, तरी मशीन आकडा दाखवतच राहतं, आणि त्या आकड्यावर घरी इन्शुलिनचं माप ठरतं.

आता पुन्हा टी बटणाकडे. ते दाबल्यावर नेमकं काय होतं? आत एक रोध असतो. बटण दाबलं की फेजमधून थोडा करंट कड्याला वळसा घालून न्यूट्रलला जातो. म्हणजे आपण खोटी गळती तयार करतो. कडं ठीक, वेटोळं ठीक, स्प्रिंग मोकळी, तर स्विच पडतो. दर महिन्याला एकदा दाबा. न दाबता पडून राहिला तर आतले भाग चिकटतात, माझ्या घरी तेच झालं होतं. आणि पावसाळ्यात स्विच सारखा पडतो म्हणून वायरमन 'डायरेक्ट करून देतो' म्हणाला, तर करू देऊ नका. तो पडतो कारण कुठेतरी गळती आहे. गीझर, मोटर, बाहेरच्या दिव्याची वायर, एकेक काढून शोधायला सांगा. कामाला तास-दोन तास लागतील, लागू द्या.

मागे एका मुलीने मला विचारलं होतं, सी रेघ उमटली म्हणजे चाचणी बरोबर, असं धरायचं का? फार चांगला प्रश्न. नाही. पट्टीवर नळाचं साधं पाणी टाका, सी उमटेल. पट्टी चालते एवढंच ती सांगते. नमुना बरोबर होता का, तपासायची वेळ योग्य होती का, ते तिला माहीत नसतं. म्हणून पाळी चुकल्याच्या पहिल्या दिवशी 'नाही' आलं तर काही दिवसांनी पुन्हा करायची.

टी बटणाचंही तसंच आहे, आणि ही गोष्ट आपल्याकडे अनेक अनुभवी लोकांनाही ठाऊक नसते. तो चाचणीचा करंट फेजमधून न्यूट्रलला जातो, जमिनीत जात नाही. त्यामुळे घराला अर्थिंग अजिबात नसलं तरी बटण दाबल्यावर स्विच छान पडतो. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला असेल, तार गंजून तुटली असेल, तर ते या बटणाला कधी कळणार नाही. त्यासाठी माणूसच बोलवावा लागतो, अर्थ टेस्टर घेऊन येणारा. आणि एका हातात फेज, दुसऱ्या हातात न्यूट्रल धरून कोरड्या लाकडी पाटावर उभा असलेला माणूस या उपकरणाला बल्बसारखाच दिसतो, कारण गेलेला सगळा करंट परत आलेला असतो. तिथे ते पडणार नाही.

आज घरी गेल्यावर आधी लिफ्टमध्ये कोणी नाही ना, आजींचं ऑक्सिजनचं मशीन चालू नाही ना, एवढं बघा आणि मग टी दाबा. स्विच पडला तर वर करा. नाही पडला तर उद्याच बदला, आणि बदलायला आलेल्या वायरमनकडून अर्थिंगही मोजून घ्या.