कोरमच नाही तर कायदा कसा होणार? ओरेगॉनच्या क्लीन एनर्जी बिलाची गोष्ट

[दृश्य: सेलममधली विधिमंडळाची इमारत, आतलं सिनेटचं सभागृह]

20 जून 2019. अमेरिकेतलं ओरेगॉन राज्य, राजधानी सेलम. सिनेटमध्ये हजेरी चाललीये, एकेक नाव पुकारलं जातंय आणि रिपब्लिकन बाकांवरून काही उत्तरच येत नाहीये. 11 सिनेटर गायब आहेत. त्यातले काहीजण तर राज्याची हद्द ओलांडून शेजारच्या आयडाहोत गेलेत, कारण तिथे ओरेगॉनच्या पोलिसांचं काही चालत नाही.

आणि हे सगळं एका बिलासाठी. हाऊस बिल 2020, यातला 2020 हा बिलाचा नंबर, वर्ष नव्हे. विधिमंडळाच्या खालच्या सभागृहात, म्हणजे हाऊसमध्ये पास झालेलं, फक्त वरच्या सभागृहाची, म्हणजे सिनेटची मंजुरी बाकी होती. त्यात म्हटलं होतं की राज्यातल्या मोठ्या कंपन्या मिळून किती कार्बन सोडणार याला एक मर्यादा घालायची, ती वर्षागणिक खाली आणत जायची, आणि जेवढा धूर सोडायचाय तेवढे परवाने कंपन्यांनी घ्यायचे. टार्गेट काय, तर 1990 च्या तुलनेत 2035 पर्यंत 45 टक्के आणि 2050 पर्यंत 80 टक्के कपात.

आता आकडे बघा. सिनेटमध्ये जागा 30, डेमोक्रॅट 18, म्हणजे बहुमत आरामात होतं. पण ओरेगॉनचा नियम असाय की कामकाज चालवायलाच दोन तृतीयांश हजेरी लागते, म्हणजे 20 जण, यालाच कोरम म्हणतात. बहुतेक राज्यांत निम्म्याहून जास्त असले की भागतं, इथे नाही. त्यामुळे विरोधकांना बिल पाडायची गरजच पडली नाही, ते नुसते आलेच नाहीत. गव्हर्नर केट ब्राऊन यांनी राज्य पोलिसांना त्यांना परत आणायला सांगितलं, गैरहजेरीचा दंड रोज 500 डॉलर ठरला, सशस्त्र गटांच्या धमकीमुळे एक दिवस विधिमंडळाची इमारत बंद ठेवावी लागली. एका हवामानाच्या बिलापायी!

शेवटी सिनेटच्या अध्यक्षांनीच जाहीर केलं की बिलाला पुरेशी मतं नाहीत, म्हणजे सत्ताधाऱ्यांमधलेच काहीजण तयार नव्हते. मग सिनेटर परत आले, अधिवेशन संपलं, बिल गेलं.

हे ओरेगॉनमध्ये घडलं याचं जास्त वाईट वाटतं, कारण पर्यावरणाच्या कायद्यांत हे राज्य कायम पुढे राहिलंय. सगळा समुद्रकिनारा लोकांसाठी खुला ठेवणारा कायदा 1967 चा. रिकामी बाटली परत दिली की डिपॉझिट परत मिळणार, असा अमेरिकेतला पहिला कायदा 1971 चा, इथलाच. शेतजमीन आणि जंगल शहरांनी गिळू नये म्हणून राज्यभर जमीन वापराचं नियोजन 1973 पासून. आणि तेव्हाचे गव्हर्नर टॉम मॅकॉल, ते रिपब्लिकन होते. म्हणजे पर्यावरण हा एकाच पक्षाचा विषय आहे असं इथे कधी नव्हतंच.

मग बिनसलं कुठे?

[दृश्य: लाकडाचे ओंडके वाहणारे ट्रक, सेलमच्या रस्त्यांवर रांग]

2019 च्या त्याच जून महिन्यात हे ट्रक राजधानीत आले, हॉर्न वाजवत विधिमंडळाभोवती फिरले. ड्रायव्हर, लाकूडतोड करणारे, शेतकरी. या लोकांना नुसतं हवामान बदल न मानणारे म्हणून सोडून देणं मला पटत नाही. 1990 मध्ये तिथल्या जंगलातल्या ठिपकेवाल्या घुबडाला संरक्षण मिळालं, त्यानंतर सरकारी जंगलातली तोड खूप कमी झाली आणि कितीतरी छोट्या गावांतल्या सॉ मिल बंद पडल्या. त्यामागे मशिन आली, बाजार बदलला, अशी बाकीची कारणंही होतीच, पण गावाच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की राजधानीत कायदा झाला आणि आपलं काम गेलं. अशा माणसाला तुम्ही सांगताय की डिझेल महागणार आहे पण पृथ्वी वाचणार आहे. त्याचा ट्रक डिझेलवरच चालतो, इलेक्ट्रिक ट्रक तेव्हा त्याच्या आवाक्यातच नव्हता, आणि वाढलेला खर्च भरून कसा निघणार याचं त्याला पटेल असं उत्तर कोणी दिलं नाही.

तरी सभागृहातून पळून जाणं चूकच. मतदारांनी निवडून दिलंय ते बसायला, बोलायला, विरोधात मत द्यायला.

2020 मध्ये बिल पुन्हा आलं, थोडं बदलून. ते वर्ष छोट्या अधिवेशनाचं, जेमतेम 35 दिवस. रिपब्लिकन परत बाहेर, यावेळी दोन्ही सभागृहांतून, आणि त्या बिलासोबत दुसरी ढीगभर बिलंही अडकली. मार्चमध्ये गव्हर्नरांनी वैतागून स्वतःच्या अधिकारात आदेश काढला. पण आदेशाला कायद्याचं वजन नसतं, त्यातून आलेला कार्बन मर्यादेचा कार्यक्रम 2023 च्या शेवटी कोर्टाने प्रक्रियेतल्या चुकीवरून रद्द केला आणि 2024 मध्ये सगळा परत नव्याने आणावा लागला. विधिमंडळाला वळसा घालून केलेली कामं अशीच लोंबकळत राहतात.

त्याच वर्षी, सप्टेंबर 2020 मध्ये, आगी लागल्या. 10 लाख एकरांहून जास्त जळालं, हजारो घरं गेली, टॅलेंट आणि फिनिक्स या गावांत अख्ख्या वस्त्या राख झाल्या. आणि जून 2021 च्या शेवटी उष्णतेची लाट आली, पोर्टलंडमध्ये पारा 116 फॅरनहाइट, म्हणजे जवळपास 47 अंश सेल्सियस. जिथे कित्येक घरांत एसी नाही अशा थंड हवेच्या राज्यात माणसं आपापल्या घरात दगावली, बरीचशी म्हातारी, एकटी राहणारी.

त्याच महिन्यात विधिमंडळाने हाऊस बिल 2021 पास केलं. यावेळी कोणी पळालं नाही.

का नाही पळालं? कारण बिल वेगळ्या पद्धतीने लिहिलं होतं. पेट्रोल, डिझेल, कारखाने याला हातच लावला नाही, फक्त वीज घेतली, तीही दोन मोठ्या खासगी कंपन्यांची, पोर्टलंड जनरल इलेक्ट्रिक आणि पॅसिफिक पॉवर. त्यांनी 2030 पर्यंत उत्सर्जन 80 टक्के कमी करायचं, 2035 पर्यंत 90, 2040 पर्यंत 100. नवीन गॅस प्लांटला परवानगी नाही. छोट्या गावांच्या, आदिवासी समाजांच्या वीज प्रकल्पांसाठी 5 कोटी डॉलर. आणि लोकांचं विजेचं बिल फारच फुगायला लागलं तर त्यावर ब्रेक लावायची सोयही ठेवली. मसुदा लिहिताना ज्यांच्या घरावर याचा परिणाम होणार त्या वस्त्यांमधल्या संघटना सुरुवातीपासून टेबलावर होत्या. माझ्या मते 2019 मध्ये नेमकं हेच कमी पडलं होतं.

[दृश्य: मॉरो काउंटी, गव्हाची शेतं, त्यात पवनचक्क्या]

आता पूर्व ओरेगॉन. इथल्या बोर्डमनमध्ये राज्यातला एकमेव कोळसा प्लांट होता, ऑक्टोबर 2020 मध्ये बंद झाला. त्याच काउंटीत व्हीटरिज नावाचा प्रकल्प उभाय, 300 मेगावॅट वारा, 50 मेगावॅट सोलर आणि 30 मेगावॅटची बॅटरी, सगळं एकाच ठिकाणी. म्हणजे होतं, करायचं म्हटलं तर होतं.

पण ही वीज शहरापर्यंत न्यायला तारा पाहिजेत, आणि घोडं तिथेच अडलंय. या भागातल्या बहुतेक हाय व्होल्टेज लाइन बॉनव्हिल पॉवर ॲडमिनिस्ट्रेशन या फेडरल संस्थेच्या ताब्यात आहेत, नवे प्रकल्प जोडणीसाठी वर्षानुवर्षं रांगेत उभे आहेत. बोर्डमनपासून आयडाहोतल्या हेमिंग्वेपर्यंतची जवळपास 300 मैलांची एक लाइन बघा, 2000 च्या दशकात तिचं प्लॅनिंग सुरू झालं आणि प्रत्यक्ष काम सुरू व्हायला 2025 उजाडलं. परवानग्या, जमिनी, कोर्टकचेऱ्या यातच एवढी वर्षं गेली.

वरून डेटा सेंटर आलीत. एकेक सेंटर छोट्या शहराएवढी वीज खातं आणि त्यासाठी लागणाऱ्या लाइनचा खर्च साध्या घरगुती ग्राहकाच्या बिलात येत होता, लोक चिडले ते बरोबरच होतं. 2025 मध्ये आमदारांनी कायदा केला की अशा बड्या ग्राहकांचा दर वेगळा ठेवायचा आणि त्यांच्यामुळे पडणारा खर्च त्यांच्याकडूनच घ्यायचा. चांगला कायदा आहे, मनापासून सांगतो. पण त्याच अधिवेशनात राज्याने स्वतःची ट्रान्समिशन संस्था, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या तारांसाठीची संस्था काढावी म्हणून बिल आलं होतं, ते मात्र पुढे सरकलंच नाही, आणि त्यासाठी कोणाला पळावंही लागलं नाही, बातमीही फारशी झाली नाही.

2022 मध्ये मतदारांनी एक काम केलं, 10 किंवा जास्त वेळा विनापरवानगी गैरहजर राहणाऱ्या आमदाराला पुढच्या टर्मला उभं राहता येणार नाही, अशी दुरुस्ती मोठ्या फरकाने मंजूर केली. 2023 मध्ये गर्भपात आणि बंदुकांच्या बिलांवरून पुन्हा सहा आठवडे बहिष्कार झाला तेव्हा 10 सिनेटरना तो नियम लागला, आणि 2024 मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टानेही तो कायम ठेवला.

म्हणजे बाकांवर माणसं बसतील याची थोडीफार सोय झालीये. वीज कंपन्यांच्या 80 टक्के कपातीची पहिली मुदत 2030 ची आहे, विषम वर्षातलं मोठं अधिवेशन 160 दिवसांचं असतं, आणि 2030 च्या आधी अशी दोनच उरलीत, 2027 आणि 2029. तारांचं बिल परत आणायचं तर त्यातल्या पहिल्यातच आणावं लागेल, कारण 2029 मध्ये मंजूर झालेली लाइन 2030 मध्ये उभी राहत नाही.