एका पाटावरचे दोघे

मंडळी, ‘रायव्हल’ हा शब्द क्रिकेटच्या बातम्यांनी आपल्या घरात आणून बसवलाय. अर्थ विचारला की आपण ‘प्रतिस्पर्धी’ म्हणतो आणि मोकळे होतो. पण हा शब्द आखाड्यातला नाही, रणांगणातलाही नाही. तो पाण्याचा आहे.

लॅटिनमध्ये ‘रिव्हुस’ म्हणजे ओहोळ, पाट. त्यावरून ‘रिव्हालिस’, म्हणजे एकाच पाटाचं पाणी घेणारा. आता तुम्हाला वाटेल, ‘रिव्हर’ याच कुळातला असणार. तर नाही. तो ‘रिपा’, म्हणजे काठ, या शब्दावरून फ्रेंचमार्गे आलाय. उलट गणिताच्या तासाला ज्यानं आपल्याला रडवलं तो ‘डिराइव्ह’ मात्र याचा सख्खा. मुळात तो पाणी वळवून घेणं या अर्थाचा.

रोमन कायद्याचा ‘डायजेस्ट’ हा संग्रह 533 साली सिद्ध झाला. त्यात उल्पियन या जुन्या कायदेपंडिताचं वचन आहे: एकाच पाटानं पाणी नेणाऱ्या ‘रिव्हालेस’मध्ये वापरावरून तंटा झाला, तर दोघांनाही दाद मागता येते. म्हणजे कायद्यालाही ठाऊक होतं, की पाट एक म्हटल्यावर तंटा आलाच. आजच्या अल्जीरियात लमास्बा इथं तिसऱ्या शतकातला एक शिलालेख सापडलाय. त्यावर काय आहे? शेतकऱ्याचं नाव, आणि कोणत्या दिवशी किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत त्याचं पाणी. आपल्याकडच्या बागायतदाराला दाखवा, न वाचता सांगेल, हे तर पाळीपत्रक!

आमच्या आजोबांचं रान पाटाच्या अगदी टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला. रात्रीची पाळी असली की कंदील, फावडं घेऊन दारं धरायला, म्हणजे सरीसरीत पाणी वळवायला, जायचे. एकदा मीही मागे लागून गेलो. सरीत पाणी येता येता बारीक झालं, मग थांबलंच. आजोबा काही न बोलता पाटाच्या कडेनं वर निघाले. वर बघतो तर त्यांच्याच चुलतभावानं मातीचा बांध फोडून पाणी आपल्या उसात घेतलेलं. पुढचं जे संभाषण झालं ते या व्यासपीठावरून सांगण्यासारखं नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाशी मात्र आजोबांचं जन्मात कधी वाजलं नाही. त्याची स्वतःची विहीर होती.

लॅटिन नाटककारांनी हा शब्द शेतातून उचलून प्रेमात नेला. एकाच बाईवर जीव टाकणारे दोघे, तेही ‘रिव्हालेस’. रोमन वक्ता सिसेरो तर हिर्रुस नावाच्या पुढाऱ्याबद्दल भावाला लिहितो, की हा स्वतःच्याच प्रेमात आहे, आणि तिथं त्याला रायव्हल कोणी नाही! इंग्रजीत शब्द आला सोळाव्या शतकात. तरी जुना भागीदारीचा अर्थ लगेच सुटला नाही. ‘हॅम्लेट’च्या पहिल्याच प्रवेशात पहाऱ्यावरचा शिपाई ‘माझ्या पहाऱ्याचे रायव्हल्स’ म्हणतो ते सोबत्यांना. 1603 च्या छापील प्रतीत त्या जागी चक्क ‘पार्टनर्स’ आहे.

आपल्या बाजूला बघा. संस्कृतात ‘सपत्न’ म्हणजे वैरी. हा शब्द निघालाय ‘सपत्नी’वरून, म्हणजे आपली सवत. तिथं पाट, इथं नवरा. वाटून घ्यायची वस्तू बदलली, इतकंच. दुसरा शब्द ‘भ्रातृव्य’. पाणिनीनं त्यासाठी लागोपाठ दोन सूत्रं दिलीत. एकानं होतो पुतण्या, दुसऱ्यानं शत्रू. वेदकाळी म्हणताना दोघांचा स्वर वेगळा लागायचा, त्यावरून ऐकणाऱ्याला कळायचं. आज स्वराच्या खुणांशिवाय कागदावर लिहिला, की कोणता पुतण्या आणि कोणता वैरी, अक्षरावरून काही सांगता येत नाही.